रुंद पडद्याच्या टीव्हीवर चित्राचा आकार कसा जुळवावा
रुंद पडद्याच्या रुंदी-उंचीचे प्रमाण १६:९ असते, तर जुने कार्यक्रम बहुधा ४:३ प्रमाणात चित्रित झालेले असल्यामुळे ते पडदाभर ताणले की चेहरे फुगीर आणि घड्याळाची गोल तबकडी लंबवर्तुळाकार दिसू लागते. अशा वेळी टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये पिक्चर विभागातील आस्पेक्ट रेशो किंवा पिक्चर साइज हा पर्याय उघडून ४:३ निवडावे. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतील, पण तो दोष नव्हे. झूम केल्यास पट्ट्या जातात, मात्र चित्राचा वरचा-खालचा भाग कापला जातो. बातम्यांची सरकती पट्टी कडेला अर्धवट दिसत असेल, तर ओव्हरस्कॅन, म्हणजे चित्र किंचित मोठे करून त्याच्या कडा पडद्याबाहेर ठेवणारी सेटिंग, बंद करावे. सेट-टॉप बॉक्स असल्यास त्यातील प्रमाण आधी तपासावे, कारण तेथेच ताणले गेलेले चित्र टीव्हीवरून सुधारणे जिकिरीचे ठरते.