लेक मीडला निघालात? आधी सह्याद्री जरा बाजूला ठेवा

उन्हाळ्यात लास वेगासला नव्याने आलेल्या मराठी घरांतून मला साधारण एकच फोन येतो. सामान लागलेलं असतं, मुलांच्या शाळेचं झालेलं असतं, इंडियन ग्रोसरी कुठे ते कळलेलं असतं, आणि मग: "ताई, इथून अर्ध्या तासावर मोठं तळं आहे म्हणे. शनिवारी आरामात दहाला निघतो. जरा ट्रेक, जरा पाण्यात डुंबणं, पोळीभाजी बरोबर घेऊ." मी म्हणते, ऑक्टोबरात जा. पलीकडे शांतता. बाईला आपल्याबरोबर यायचं नसणार, असंच त्यांना वाटत असावं.

मी साताऱ्याची. अजिंक्यतारा म्हणजे रोजची सकाळ, आणि बामणोलीहून लाँचने कोयनेचं पाणी ओलांडून वासोटा पाच-सहा वेळा केलेला. डोंगर आणि तळं ही जोडी मला कोणी शिकवायला नको, या गुर्मीत मी चौदा वर्षांपूर्वी वेगासला लागून असलेल्या हेंडरसनला आले. पहिल्याच जुलैत सकाळी साडेदहाला आम्ही चौघं तीन लिटर पाणी घेऊन चालायला निघालो. तासाभराने माघारी फिरलो तेव्हा माझ्या बुटाचा सोल सुटून लोंबत होता, कारण तापलेल्या खडकावर त्याचा गोंद टिकत नाही. नवरा गाडीच्या एसीसमोर डोळे मिटून बसला आणि अर्धा तास एक शब्द बोलला नाही. म्हणून आता फोन आला की मी आधी घाबरवते आणि मग रस्ता सांगते.

पहिली गोष्ट, इथला हंगाम उलटा आहे. ट्रेकिंग ऑक्टोबर ते एप्रिल. मे अर्धा सरला की मोहावी वाळवंटात दिवसा डोंगरात जायचं नाही. जुलैत ११५ फॅरनहाइट, म्हणजे ४६ सेल्सिअस, ही बातमी होत नाही. ७ जुलै २०२४ ला लास वेगासमध्ये १२० झालं तेव्हा मात्र झाली. हौशी लोक ऐकत नाहीत म्हणून लेक मीडच्या पार्कवाल्यांनीच गोल्डस्ट्राइक आणि अ‍ॅरिझोना हॉट स्प्रिंग्ज या गरम पाण्याच्या कुंडांकडे जाणाऱ्या वाटा १५ मे ते ३० सप्टेंबर सरळ बंद ठेवायला सुरुवात केली. जवळच्या व्हॅली ऑफ फायर पार्कमधल्याही बऱ्याच पायवाटा उन्हाळ्यात बंद असतात. पाटी दिसली की परत फिरा. "पाचच मिनिटं जाऊन येऊ" हे वाक्य तिथे म्हणू नका.

आणि या उन्हात घाम दिसत नाही. कोकणात किंवा मुंबईत शर्ट चिंब होतो, तेव्हा पाणी प्यायची आठवण आपोआप होते. इथली हवा इतकी कोरडी की घाम येता येताच उडतो, शर्टावर फक्त मिठाचे पांढरे पट्टे राहतात. तहान लागायची वाट बघू नका. दिवसाला माणशी चार लिटर हा हिशोब हिवाळ्यातसुद्धा गाडीत ठेवा. नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही, मीठ लागतं. दुकानातली रंगीत पेयं मुलांना आवडतात, पण माझ्या पिशवीत मीठ-साखर-लिंबू किंवा आमसुलाचं सरबत असतं. खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिक्की. दशमी दोन दिवस टिकते आणि हातात धरून खाता येते. ब्रेडचं सँडविच या हवेत वीस मिनिटांत खाकरा होतं.

दुसरी उलटी गोष्ट चढणीची. गडावर आधी चढ आणि थकल्यावर उतार असतो. दमलो की फिरा मागे, पाय आपोआप खाली आणतात. इथल्या बऱ्याच घळी नदीकडे उतरतात. जाताना गाणी म्हणत उतरायचं आणि येताना, दुपार चढल्यावर, पाणी संपत आल्यावर, चढायचं. निम्मं पाणी उरलंय म्हणजे परत फिरायची वेळ टळून गेलेली आहे. एक तृतीयांश संपलं की वळा. आणि गडाच्या पायथ्याशी वाडी असते, एखादी आजी ताक देते, वाट चुकलो तर गुराखी भेटतो. इथे कोणी भेटत नाही. मैलोन्मैल फोनला रेंज नसते, म्हणून नकाशा घरूनच उतरवून घ्या, आणि कुठे चाललोय व किती वाजेपर्यंत परत येऊ हे शहरातल्या एकाला तरी लिहून पाठवा. मला पाठवा, मी वाट बघते.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण ती आपल्या हाडात आहे. ढग आले की मराठी माणूस घरात बसत नाही. लास वेगासला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला जुलैत तेवढा एका दिवसात होतो. त्यामुळे जुलै ते सप्टेंबर या इथल्या मान्सूनमध्ये आभाळ काळं झालं, क्रिओसोटच्या झुडपांचा तो ओला, कडवट वास आला, की पोटात कालवतं आणि गाडीची किल्ली हातात येते. नका जाऊ. भाजून कडक झालेली इथली जमीन पाणी पीत नाही. दहा-पंधरा मैलांवर सर कोसळते आणि तुम्ही कोरड्या, डोक्यावर निळं आभाळ असलेल्या अरुंद घळीत उभे असता, तेव्हा दगड-लाकूड घेऊन लोंढा येतो. इथे कोरड्या ओढ्याला वॉश म्हणतात. वॉशमध्ये तंबू ठोकायचा नाही, गाडी लावायची नाही, आणि रस्त्यावरून पाणी वाहत असलं तर गाडी घालायची नाही. पाऊस बघायचाच असेल तर आपल्या पार्किंगमध्ये उभे राहून बघा. आम्ही भजी तळतो.

आता तळ्याविषयी. कोलोरॅडो नदीवर १९३५ साली पुरं झालेल्या हूवर धरणाने हे पाणी अडवलंय. धरण २२१ मीटर उंच, म्हणजे कोयनेच्या दुप्पट. काठच्या खडकावर पांढराशुभ्र पट्टा दिसतो, ती पूर्वीच्या पाण्याची खूण, खनिजांचा थर. जुलै २०२२ मध्ये पाणी १९३० च्या दशकात तळं भरलं तेव्हापासूनच्या सगळ्यात खालच्या पातळीला गेलं होतं. (त्याच वर्षी पिंपात सापडलेल्या मृतदेहाबद्दल सगळे विचारतात. हो, खरं आहे. पुढे चला.) तुमच्या कामाचा मुद्दा असा की पातळी बदलते तसे बोटी उतरवायचे धक्के बदलतात, काही बंदही होतात. जुन्या व्हिडिओवर विसंबून बोट ओढत नेऊ नका, त्याच आठवड्यातली माहिती पार्क सर्व्हिसकडून बघा.

पाणी शांत दिसतं, आणि लोक तिथेच फसतात. किनाऱ्यावर जीवरक्षक नाहीत. दुपारी वारा सुटतो आणि हवा भरलेली खेळणी, ती बदकं आणि गाद्या, बघता बघता मधोमध जातात. आमच्या ओळखीतला एक तरणाबांड मुलगा, विहिरीत पोहून मोठा झालेला, अशाच गादीमागे गेला आणि एका बोटवाल्याने त्याला बाहेर काढला. लाइफ जॅकेट घाला, पोहता येत असलं तरी घाला. नेव्हाडात बोट चालू असताना १३ वर्षांखालच्या मुलांना ते कायद्यानेच लागतं. हवामान खातं 'लेक विंड अ‍ॅडव्हायझरी' काढतं. ती असेल त्या दिवशी कायाक, पॅडलबोर्ड काही नाही. पायात जुने बूट हवेतच, कारण २००७ पासून इथे क्वागा नावाचे परके शिंपले माजलेत आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या आहेत. स्वतःची कायाक असेल तर निघताना धुवा, पाणी निथळून टाका, कोरडी करा, नाहीतर तो उपद्रव पुढच्या तळ्यात तुम्ही नेणार.

दर भाद्रपदात येणारा प्रश्न: गणपती लेक मीडमध्ये विसर्जित केला तर? नको. शहराच्या नळाला येणारं सुमारे ९० टक्के पाणी याच तळ्यातलं आहे आणि पार्कच्या हद्दीत काही सोडायला मनाई आहे. शाडूची छोटी मूर्ती, घरी बादलीत विसर्जन, माती कुंडीत. आरती तेवढीच जोरात म्हणता येते.

बरं, ऑक्टोबर उजाडला. जायचं कुठे?

सुरुवात हिस्टॉरिक रेलरोड ट्रेलने करा. धरण बांधताना सामान नेणारी रेल्वे इथून जायची. रूळ गेले, पाच प्रचंड बोगदे राहिले. यंत्रं आणि पाइपांचे अजस्र तुकडे मावावेत म्हणून ते एवढे मोठे. वाट जवळजवळ सपाट आहे, खाली सतत तळं दिसतं, बोगद्यांत सावली मिळते. पाचवा बोगदा बघून परत यायला साडेचार मैलांच्या आत काम होतं. भारतातून आलेले आईबाबासुद्धा आरामात चालतात, फक्त "अजून किती?" असं विचारत. तिथून धरणावर जा आणि २०१० साली खुल्या झालेल्या पुलावरच्या पादचारी मार्गावरून ते बघा, नदी जवळपास ९०० फूट खाली असते. परतीच्या वाटेवर बोल्डर सिटीला थांबा. धरणाच्या कामगारांसाठी वसवलेलं हे गाव, नेव्हाडात असूनही इथे जुगाराला बंदी आहे. तिथल्या हेमेनवे पार्कच्या हिरवळीवर डोंगरातल्या बिगहॉर्न मेंढ्या चरायला उतरतात. लांबूनच बघा, खायला घालू नका, आपल्या माकडांचं काय झालंय ते ठाऊक आहे.

दुसऱ्या शनिवारी नॉर्थशोअर रोड. टाकी भरून निघा. रेडस्टोनला लाल खडकांत अर्ध्या मैलाची फेरी आहे, पोरांना हुंदडायला आणि डबा उघडायला उत्तम. पुढे व्हॅली ऑफ फायर हे वेगळं, राज्याचं पार्क, त्याचं तिकीट वेगळं. त्याच बाजूला सेंट थॉमस आहे, आणि मला विचाराल तर या सगळ्या भागातली माझी लाडकी जागा तीच. १८६५ साली मॉर्मन लोकांनी वसवलेलं गाव, १९३८ मध्ये तळ्याखाली गेलं, पाणी आटल्यावर पुन्हा वर आलं. अडीच मैलांची फेरी, सावली शून्य. घरांचे पाये, शाळेच्या पायऱ्या. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं ते ज्यांनी बघितलंय, त्यांना तिथे दोन मिनिटं बोलवत नाही. एक दगडही उचलून आणायचा नाही, तो गुन्हा आहे.

कायाकिंगची हौस असेल तर धरणाच्या खालच्या अंगाला, अ‍ॅरिझोनातल्या विलो बीचवरून प्रवाहाविरुद्ध दोनेक मैलांवर एमराल्ड केव्ह आहे. पाणी खरंच पाचूसारखं. पण ते धरणाच्या तळातून येतं, बाराही महिने साधारण १२ सेल्सिअस. बाहेर कितीही ऊन असो, उलटलात तर हातपाय आखडतात. धरणातून पाणी सोडतील तशी पातळीही दिवसभर वरखाली होते, म्हणून जेवायला थांबलात तर कायाक वर ओढून ठेवा. आणि घड्याळ! अ‍ॅरिझोना घड्याळ बदलत नाही. उन्हाळ्यात दोन्हीकडे एकच वेळ असते, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत तिकडे एक तास पुढे. डिसेंबरात आठाची वेळ घेऊन आम्ही "वेळेच्या दहा मिनिटं आधी" पोचलो आणि आमच्या कायाक पन्नास मिनिटांपूर्वीच दुसऱ्यांना देऊन झाल्या होत्या. चूक आमची. काठावर दशम्या खाल्ल्या आणि परत आलो.

गरम पाण्याच्या कुंडांना जाल, वज्रेश्वरीची आठवण काढत. वाट अवघड आहे: गोल्डस्ट्राइकला दोर धरून उतरावं लागतं, अ‍ॅरिझोना हॉट स्प्रिंगला वीस फुटी शिडी. पण डुबकी मारून पुण्य मिळवायची ही जागा नाही. अशा कोमट पाण्यात मेंदूवर घाला घालणारा अमीबा असू शकतो आणि तो नाकातून शिरतो. डोकं पाण्याबाहेर, नाकात थेंबही नको. मुलांना मी नेत नाही.

पैशांचं थोडक्यात. लेक मीडला गाडीमागे २५ डॉलर, सात दिवस चालतात. इथे राहणाऱ्यांना ८० डॉलरचा वार्षिक पास सगळ्या राष्ट्रीय उद्यानांत चालतो, ग्रँड कॅनियनला जाणार असालच तर तोच घ्या. घरात चौथीतलं मूल असेल तर त्या वर्षी पूर्ण कुटुंबाला पास फुकट मिळतो, हे मला माझा मुलगा पाचवीत गेल्यावर कळलं. वेगासच्या पश्चिमेला असलेल्या रेड रॉक कॅनियनला ऑक्टोबर ते मे दिवसा आधी वेळ आरक्षित करावी लागते.

गाडीत कायम असावं असं: जादा पाणी, हवा भरलेला स्पेअर टायर, टॉर्च, जाड टॉवेल आणि एक स्वस्तातला मोठ्या दातांचा कंगवा. कंगवा चोयासाठी. ते निवडुंग नुसता स्पर्श झाला की तुकडा तोडून अंगाला चिकटतं, बोटांनी काढायला गेलं की बोटांना धरतं. कंगवा खाली सरकवायचा आणि झटका द्यायचा. कच्च्या रस्त्यावर भाड्याची गाडी घालू नका, विमा बहुधा तिथे संपतो. गाडी बंद पडलीच तर तिच्यापासून दूर जाऊ नका, शोधणाऱ्यांना आधी गाडी दिसते.

आणि परत निघताना, एंजिन सुरू करायच्या आधी, एकदा वाकून गाडीखाली बघा. वाळवंटी कासव सावलीला येऊन बसतं. असलं तर हात लावू नका. घाबरून ते मूत्र सोडतं आणि महिनोन्महिने साठवलेलं पाणी गमावून बसतं. थर्मास उघडा, चहा घ्या, ते स्वतःहून निघेपर्यंत थांबा. आम्ही एकदा चाळीस मिनिटं थांबलो होतो.