अमेरिकेतील जर्मन उद्योगांत भाषेचा उपयोग : नव्याने येणाऱ्यांसाठी

पुण्यात अभियांत्रिकीबरोबर जर्मन शिकून पुढे अमेरिकेत येणाऱ्या विद्यार्थ्यांना आपली भाषा वाया गेली असे वाटते. दक्षिण कॅरोलायनातील वाहन उद्योगात काम करताना मला नेमका उलट अनुभव आला आहे. बीएमडब्ल्यूच्या स्पार्टनबर्गजवळील कारखान्यात १९९४ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि त्यामागोमाग अनेक जर्मन पुरवठादार या भागात आले. अलाबामात मर्सिडीज आणि टेनेसीतील चॅटनूगा येथे फोक्सवागेन आहे.

या कारखान्यांचा रोजचा व्यवहार इंग्रजीतच चालतो, त्यामुळे केवळ जर्मन येते म्हणून कोणी नोकरी देत नाही. भाषेची गरज पडते ती मूळ कंपनीकडून ड्रॉइंग, तपासणी अहवाल किंवा तक्रारीचा मेल येतो तेव्हा. जर्मन कागदावर स्वल्पविराम हे दशांश चिन्ह असते, म्हणून तिथे १,५०० म्हणजे दीड, तर अमेरिकन कागदावर दीड हजार. जर्मन ड्रॉइंग सहसा फर्स्ट अँगल पद्धतीचे (वरून दिसणारे चित्र समोरच्या चित्राच्या खाली) असते आणि अमेरिकेत थर्ड अँगल (तेच चित्र वर) रूढ आहे. भारतात आपण फर्स्ट अँगलच शिकतो, हा आपला मोठा फायदा असून मुलाखतीत तो आवर्जून सांगावा.

शब्दांपेक्षा कामाची रीत समजणे मला अधिक मोलाचे वाटते. जर्मन वरिष्ठ बैठकीत अनेकदा थेट दोषापासून सुरुवात करतात, आणि आधी चार चांगले शब्द ऐकण्याची सवय असलेल्या अमेरिकन सहकाऱ्यांना तो अपमान वाटतो. उलट, अमेरिकन माणसाने सौम्यपणे सुचवलेली हरकत जर्मन बाजूला हरकत म्हणून ऐकूच जात नाही. अशा वेळी दोन्हीकडचा आशय न दुखावता पोहोचवणारा माणूस लागतो, आणि माझ्या मते भाषा शिकलेल्या अभियंत्याची खरी किंमत येथेच ठरते.

तयारीसाठी जर्मनची बी२ पातळी (युरोपीय भाषा-मोजपट्टीवरील सहापैकी चौथी) गाठावी, कारण त्याखालच्या पातळीवर तांत्रिक मजकूर वाचणे जड जाते. जर्मन वाहन उद्योग संघटनेचे व्हीडीए ६.३ हे प्रक्रिया-तपासणीचे मानक जर्मन आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत मिळते, ते शेजारी ठेवून वाचावे. अमेरिकेतच शिकायचे असेल तर ऱ्होड आयलंड विद्यापीठाचा १९८७ पासूनचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम पाहावा. त्यात अभियांत्रिकी आणि जर्मन अशा दोन पदव्या मिळतात व एक वर्ष जर्मनीत शिक्षण आणि प्रत्यक्ष कामासाठी राखलेले असते.