'मदत हवी का?' या प्रश्नाला मी 'नाही' लिहिलं

अमेरिकेतल्या कॉलेजात पदवीसाठी अर्ज भरताना मध्येच विचारतात, आर्थिक मदत हवी आहे का? एका अर्जात मी 'नाही' लिहिलं. आधी आत तर शिरू, पैशांचं मग बघू. प्रवेश मिळाला. मग मदतीचं विचारलं तर उत्तर आलं: परदेशी विद्यार्थ्याने अर्जासोबत मदत मागितली नसेल तर पुढे चारही वर्षं मागता येणार नाही. हा नियम त्यांच्या वेबसाइटवर होता, मीच वाचला नव्हता.

'नाही' लिहायचा मोह सगळ्यांनाच होतो, कारण बहुतेक कॉलेजं 'नीड-अवेअर' असतात. म्हणजे तुमच्यावर किती खर्च करावा लागेल हे बघूनच प्रवेश ठरवतात. परदेशी मुलांसाठीही 'नीड-ब्लाइंड' असलेली, म्हणजे मदतीची गरज न बघता प्रवेश ठरवणारी कॉलेजं मोजकी: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट वगैरे, 2022 मध्ये डार्टमथ आणि बोडन त्यांत आली. तिथे प्रवेश मिळणंच दुर्मीळ, त्यामुळे सगळी भिस्त त्यांच्यावर ठेवू नका. नीड-अवेअर असूनही घेतलेल्या मुलाची गरज पूर्ण भागवणारी छोटी कॉलेजं असतात. माझ्या मते शोधायची ती हीच.

एफएएफएसए हा अमेरिकी सरकारच्या मदतीचा फॉर्म आपल्यासाठी, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांसाठी नाही. आपल्याला बहुधा सीएसएस प्रोफाइल (अनेक कॉलेजं वापरतात तो मदतीचा ऑनलाइन फॉर्म) किंवा कॉलेजचा स्वतःचा फॉर्म भरावा लागतो, सोबत आईवडिलांच्या उत्पन्नाचे कागद. हे कागद गोळा करण्यातच माझे तीन आठवडे गेले, तेव्हा मुदतीच्या बरंच आधी हात घाला. सीएसएसला दर कॉलेजमागे फी पडते. परवडत नसेल तर कॉलेजला ईमेल करून फी माफ होईल का विचारून बघा. लाजायचं काही कारण नाही.

मदतीचं पत्र आलं की वरचा मोठा आकडा बघून हुरळून जाऊ नका. 30,000 डॉलरची स्कॉलरशिप भरघोस वाटते. पण अनेक खाजगी कॉलेजांचा राहण्याजेवणासकट वर्षाचा खर्च 80,000 च्या पुढे आहे. उरलेले 50,000 कोण भरणार? आय-20 (व्हिसासाठी लागणारा कॉलेजचा दाखला) मिळवायला निदान पहिल्या वर्षाचे तेवढे पैसे आहेत, हे कागदावर दाखवावं लागतं. पत्रात कॅम्पसवरच्या नोकरीची रक्कमही धरलेली असू शकते. ती अजून कमवायची असते, आणि एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांहून जास्त काम करता येत नाही.

कराचं मला कोणीच सांगितलं नव्हतं. स्कॉलरशिपचा जो भाग ट्यूशनवर न जाता खोली आणि जेवणावर जातो त्यावर कर लागतो, आणि एफ-1 वाल्यांचा सहसा 14 टक्के कापला जातो. माझी कपात पहिल्याच सत्रात झाली. त्या सत्राची सगळी पुस्तकं मी लायब्ररीतून आणली, दोन-दोन तासांच्या बोलीवर.