दिवाणी दावा: पैसा कुठे घालायचा, कुठे वाचवायचा

दावा लावायचं ठरवण्याआधी प्रतिवादीच्या नावावर काय आहे ते शोधा. सातबारा, मिळकत पत्रिका, त्यावरचा बँकेचा बोजा, कंपनी असेल तर तिचा ताळेबंद. हुकूमनामा (कोर्टाचा अंतिम निकाल) हातात आला तरी वसुलीसाठी वेगळी दरखास्त लावावी लागते. तिची फी वेगळी आणि तारखाही वेगळ्या.

समजा, ८ लाख रुपये येणं आहे आणि समोरच्याकडे ४०,००० रुपये पगाराशिवाय काही नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त करता येत नाहीत. म्हणजे महिन्याला हाती येतात १३,०००. एकाच हुकूमनाम्यापोटी ही जप्ती एकूण २४ महिनेच चालते. गोळाबेरीज ३,१२,००० रुपये, तीही निकाल लागल्यानंतर. अशा माणसाने आज ३ लाख रोख देऊ केले तर नाक मुरडू नका.

मुदत आधी मोजा

उसनवारीच्या किंवा येणे रकमेच्या दाव्याला ३ वर्षं, करारपूर्तीच्या दाव्यालाही ३, मालकीहक्कावरून स्थावराचा ताबा मागायला १२. नोटीस पाठवली, फोन केले, माणसं मध्ये घातली, याने मुदत एका दिवसानेही वाढत नाही. मुदत संपायच्या आत समोरच्याने सहीनिशी लेखी कबुली दिली तर नव्याने ३ वर्षं मिळतात. अंशतः रक्कम भरली आणि ते भरल्याचं त्याच्या अक्षरात किंवा सहीने नोंदलं असेल तरीही. उशीर माफ करण्याची सोय अपिलाला आहे, दाव्याला नाही. आपल्याकडचे बरेच दावे गुणदोषावर नव्हे, इथेच बुडतात.

शासनाविरुद्ध दावा असेल तर त्याच संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते. व्यापारी व्यवहाराचा वाद ३ लाख किंवा त्याहून अधिक मूल्याचा असेल आणि तातडीचा अंतरिम दिलासा नको असेल, तर दाखलपूर्व मध्यस्थी सक्तीची आहे. ती टाळून लावलेला दावा फेटाळला जातो. तसंच एकाच व्यवहारातून निघणाऱ्या सगळ्या मागण्या एकाच दाव्यात घ्या. कोर्ट फी वाचवायला अर्धी रक्कम आज मागितली तर उरलेली पुढे मागता येत नाही.

कोर्ट फी आणि वकिलाची फी

महाराष्ट्रात कोर्ट फी मागणीच्या रकमेवर चढत जाते आणि फी जास्तीत जास्त १० लाख रुपये लागते. त्यामुळे 'मानसिक त्रासापोटी २० लाख' असं उगाच लिहिण्याची किंमत पहिल्याच दिवशी भरावी लागते. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली फी परत मिळते. स्त्रिया तसंच अनुसूचित जाती-जमातीच्या पक्षकारांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, त्यांना उत्पन्नाची अट नाही.

वकिलाशी फी टप्प्यांवर ठरवा आणि कागदावर घ्या: दावा दाखल होईपर्यंत, तात्पुरत्या मनाईच्या अर्जावरच्या (निशाणी ५) आदेशापर्यंत, कोर्ट वादाचे मुद्दे काढेपर्यंत, पुरावा, युक्तिवाद. तारखेप्रमाणे फी ठरली की लांबणाऱ्या प्रत्येक तारखेचा भुर्दंड तुमच्यावर. वसुलीत टक्केवारी देण्याचा करार वकिली व्यवसायाच्या नियमांत बसत नाही. समन्स बजावणी, टायपिंग, नकला, कोर्ट कमिशनर, मोजणी हे फीबाहेरचे खर्च. त्यांचा वेगळा अंदाज मागा.

खरा पैसा इथे घाला

निशाणी ५, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज. मालमत्तेच्या वादात निम्मी लढाई इथेच होते. प्रथमदर्शनी केस, गैरसोय कोणाची जास्त आणि पैशाने भरून न येणारं नुकसान, या तीन गोष्टी कोर्ट पाहतं. नुसत्या रकमेच्या दाव्यात मात्र या अर्जावर फार आशा ठेवू नका. तिथे निकालाआधीची जप्ती मागावी लागते, आणि प्रतिवादी हुकूमनामा हुकवण्यासाठी मालमत्ता विकतो आहे, हे ठोस तपशिलासह दाखवावं लागतं.

दुसरी जागा कागदपत्रांची. सगळे कागद दाव्यासोबतच द्या. मागाहून आणलेला कागद परवानगीशिवाय वाचला जात नाही. कमी मुद्रांकाचा करार कोर्ट अटकावून ठेवतं आणि तुटीच्या रकमेवर दरमहा २ टक्के दंड लागतो. म्हणून तुटीचा मुद्रांक आधीच भरून घ्या. व्हॉट्सॲपचे नुसते स्क्रीनशॉट चालत नाहीत. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र दोन भागांत लागतं: भाग अ पक्षकाराचा, भाग ब तज्ज्ञाचा, दोन्हींत हॅश मूल्य (फाइल बदलली नाही हे ओळखायचा अंकाक्षरी ठसा). मूळ फोन जपून ठेवा.

मसुदा वाचताना तारखा बँकेच्या उताऱ्याशी जुळवा. दाव्यात 'मार्चमध्ये रोख दिले' आणि उताऱ्यात त्या महिन्यात पैसे काढल्याची नोंदच नाही, तर उलटतपासणीत दहा मिनिटांत सगळा दावा ढिला पडतो.

तारखांचं काय करायचं

कैफियतीला (प्रतिवादीच्या लेखी उत्तराला) ३० दिवस, कोर्टाने वाढवून दिले तर ९०. व्यापारी दाव्यात १२० दिवसांनंतर प्रतिवादीचा हक्कच जातो. साध्या दाव्यात ती मुदत ताणली जाते, हे गृहीत धरून चला. समोरच्याच्या प्रत्येक मुदत अर्जाला लेखी विरोध करा, कॉस्ट (खर्चाची भरपाई) मागा, आणि ते रोजनाम्यात (कोर्टाच्या तारखेच्या नोंदीत) आलं का ते ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सीएनआर क्रमांक (प्रत्येक दाव्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकून बघा. मात्र कॉस्टमधून वकिलाची फी भरून निघेल असं समजू नका: खोट्या दाव्यापोटीच्या भरपाईची मर्यादा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५-अ मध्ये ३,००० रुपये आहे.

तडजोड

बोलणी करायला दोन वेळा चांगल्या: निशाणी ५ चा आदेश झाल्यावर आणि वादीची उलटतपासणी संपल्यावर. तोवर दोघांनाही आपली कच्ची बाजू कळलेली असते.

अटी लिहिताना 'हप्ता चुकला तर २ लाख दंड' असं लिहू नका. कोर्ट तो दंड मानून कमी करू शकतं. त्याऐवजी प्रतिवादीने पूर्ण ८ लाखांची कबुली द्यावी आणि ठरल्या तारखांना ६ लाख भरले तर उरलेले २ लाख सोडले, असं लिहावं. सवलत गमावली की मूळ देणं उभं राहतं आणि त्यावर थेट दरखास्त लावता येते. दाव्याबाहेरची एखादी मिळकत तडजोडीत आली तर त्या हुकूमनाम्याची नोंदणी करावी लागते. तो खर्च कोणी करायचा, तेही त्याच कागदावर लिहून घ्या.