आजोबांच्या रोजमेळातली मजुरी कशी वाचायची

कोल्हापूरकडच्या जुन्या गुऱ्हाळाच्या वहीत मजुरी ‘१॥।=’ अशी दिसली, तर आधी उभ्या रेघा मोजा. एक रेघ म्हणजे चार आणे. पुढची प्रत्येक आडवी रेघ एक आण्याची, इथे अशा दोन. म्हणजे हे झाले एक रुपया चौदा आणे. घोटाळा इथेच होतो: ‘३।’ हे सव्वातीन, घाईत एकतीस वाचलं जातं!

रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे किंवा १२ पै. पै आणि पैसा एक समजू नका.

१ एप्रिल १९५७ नंतरच्या नव्या पैशांत (रुपयाचे १००) आणायचं तर आण्याला ६.२५ ने गुणा, पण आधी आण्यांतच बेरीज करा. एकेक आणा ६ धरून आठ नोंदी केल्या की ४८ येतात, खरे ५०.