टाक्यांऐवजी वैद्यकीय गोंद : जखम बंद करून घेण्यापूर्वी, घेताना आणि नंतर काय करावे

कातडी खोलवर कापली गेली की टाके पडणारच, असे आपण धरून चालतो. मात्र लहान, सरळ आणि स्वच्छ जखम बंद करण्यासाठी आता सुईदोऱ्याऐवजी वैद्यकीय गोंदही वापरला जातो. हा गोंद जखमेच्या आत कधीही भरायचा नसतो. जखमेच्या दोन्ही कडा एकमेकींना भिडवून धरायच्या आणि त्यांच्यावरून गोंदाचा पातळ पापुद्रा चढवायचा, एवढेच त्याचे काम असते. आतली जखम शरीर स्वतःच भरून काढते. गोंद आत शिरला तर तो दोन कडांच्या मध्ये भिंतीसारखा उभा राहतो आणि जखम सांधण्याऐवजी ती सांधू देत नाही. खालच्या बहुतेक सूचनांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

या गोंदाचे रासायनिक नाव सायनोअ‍ॅक्रिलेट. 1942 साली अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत असताना हा पदार्थ त्यांच्या हाती लागला, पण तो हात लावाल तिथे चिकटत असल्यामुळे तेव्हा बाजूला ठेवला गेला. त्वचेवर वापरण्याच्या ऑक्टिल प्रकाराला अमेरिकेच्या औषध नियामकांची मंजुरी मिळायला 1998 साल उजाडले. घरातल्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाचे कूळ हेच असले, तरी त्यात बहुधा इथिल प्रकार असतो. त्याच्या रेणूला बाजूने जोडलेली अणूंची साखळी आखूड असल्याने तो लवकर विघटित होतो, त्यातून फॉर्माल्डिहाइडसारखे पेशींना घातक पदार्थ सुटतात, आणि तो निर्जंतुकही केलेला नसतो. ब्युटिल आणि ऑक्टिल या वैद्यकीय प्रकारांची साखळी लांब असते, त्यामुळे त्यांचे विघटन संथपणे होते. म्हणून घरातली नळी जखमेवर पिळण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी

स्वच्छ कापडाने जखम किमान दहा मिनिटे सलग दाबून धरावी. रक्त थांबले का हे पाहण्यासाठी दर मिनिटाला कापड उचलल्यास धरू लागलेली गुठळी निघून येते. त्यानंतर वाहत्या स्वच्छ पाण्याखाली जखम धुवावी. खोल रुतलेली काच किंवा धातूचा तुकडा स्वतः ओढून काढू नये. मलम, तेल किंवा पावडर लावू नये, कारण तेलकट कातडीवर गोंद धरत नाही आणि पावडर धुऊन काढण्यात डॉक्टरांचा वेळ जातो. उपचार शक्य तितक्या लवकर, त्याच दिवशी घ्यावेत.

आपली जखम गोंदाजोगी आहे का, हे ओळखणे

गोंदाने बंद करायची जखम साधारणपणे चार-पाच सेंटिमीटरपेक्षा लांब नसावी, तिच्या कडा सरळ असाव्यात, रक्तस्राव थांबलेला असावा आणि बोटांनी हलकेच जवळ आणल्यावर कडा सहज भिडाव्यात. कडा ओढून आणाव्या लागत असतील, तर तो ताण एकट्या गोंदाला पेलत नाही. गुडघा, कोपर, बोटांचे सांधे अशा सतत वाकणाऱ्या जागी म्हणूनच टाके अधिक भरवशाचे ठरतात. तिथे गोंद वापरलाच तर सांधा पट्टीने जखडून ठेवावा लागतो. ओठांच्या आतली बाजू, तोंड आणि काख या ओलसर जागाही गोंदाला मानवत नाहीत. प्राण्याच्या चाव्याची, टोचून खोल गेलेली, चेंगरलेली किंवा पू झालेली जखम वरून बंद केल्यास जंतू आत कोंडले जातात, त्यामुळे तिथे गोंदाचा आग्रह धरूच नये.

कपाळ, हनुवटी आणि गाल या जागी मात्र तो उत्तम ठरतो. विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत सुईची भीती आणि टाके काढण्याची दुसरी खेप दोन्ही टळतात. दिसण्याच्या दृष्टीने उरणारा व्रण टाक्यांच्या व्रणाच्या तोडीचा असतो. पण जखम पुन्हा उकलण्याचे प्रमाण गोंदात किंचित जास्त आढळते, हेही निवड करताना ठाऊक असावे. डोक्यावरच्या जखमेसाठी एक मजेदार युक्ती आहे : दोन्ही बाजूंच्या केसांच्या बटा जखमेवरून एकमेकींत पिळतात आणि त्या पिळावर गोंदाचा थेंब सोडतात. केसच टाक्यांचे काम करतात.

डॉक्टरांना आधीच काय सांगावे

मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे, जखमेचा व्रण जाड वाढण्याची प्रवृत्ती आणि धनुर्वाताची शेवटची लस कधी घेतली, हे सांगावे. कृत्रिम पापण्या किंवा नखे चिकटवल्यावर पूर्वी खाज अथवा पुरळ आले असेल तर तेही आवर्जून सांगावे. त्या गोंदांतही याच जातीची रसायने असतात आणि त्यांची अ‍ॅलर्जी या उपचारात डोके वर काढू शकते.

गोंद लावताना

प्रथम जखम धुऊन तपासली जाते आणि तिच्या कडा पूर्ण कोरड्या केल्या जातात. डोळ्याजवळची जखम असल्यास गोंद ओघळून डोळ्यात जाणार नाही अशा बेताने रुग्णाला झोपवतात आणि डोळ्यावर गॉझ ठेवतात. मग कडा बोटांनी किंवा चिमट्याने भिडवून, कडांच्या थोडे बाहेरपर्यंत जाईल असा गोंदाचा पातळ थर वरून फिरवतात. त्वचेवरच्या ओलाव्याशी संपर्क येताच द्रवाचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन त्याचा पापुद्रा बनतो आणि त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. एकच जाड थर दिला तर चटका बसू शकतो. म्हणून ऑक्टिल गोंदाचे साधारणतः तीन पातळ थर, प्रत्येकानंतर सुमारे अर्धा मिनिट थांबून देतात. शेवटच्या थरानंतरही कडा जवळपास एक मिनिट तशाच धरून ठेवतात. एवढा वेळ रुग्णाने हलू नये. किंचित उबदार किंवा चुरचुरल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे; भाजल्यासारखे वाटले तर लगेच बोलावे.

घरी आल्यावर

खरी परीक्षा इथून पुढे सुरू होते. पापुद्रा पाच ते दहा दिवसांत कातडीच्या वरच्या थराबरोबर आपोआप सुटतो, आणि तोवर त्याला हात न लावणे हीच मुख्य काळजी असते. त्याची सुटलेली कड नखाने उचलू नये. बोचत असल्यास तेवढीच कात्रीने कापावी. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेनंतर थोडक्यात अंघोळ करता येते, मात्र जखम घासू नये, ती मऊ कापडाने टिपून कोरडी करावी. पोहणे आणि पाण्यात डुंबणे टाळावे. जखम लवकर भरावी या सदिच्छेने अँटिबायोटिक मलम किंवा व्हॅसलिन लावणे ही सर्वांत सामान्य चूक आहे : स्निग्ध पदार्थाने पापुद्रा मऊ पडतो आणि वेळेआधीच सुटतो. चिकटपट्टीही थेट पापुद्र्यावर लावू नये, कारण ती काढताना तो सोबत निघून येतो.

पापण्या चुकून चिकटल्याच, तर त्या ओढून उघडण्याचा प्रयत्न न करता तातडीने डॉक्टरांकडे जावे.

जखमेभोवतीची लाली पसरत जाणे, दुखणे कमी होण्याऐवजी वाढणे, पू किंवा ताप येणे ही जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत. लालीबरोबर तीव्र खाज आणि बारीक फोड नेमके गोंद लागला तेवढ्याच जागी उठले असतील, तर अ‍ॅलर्जीची शक्यता अधिक असते. दोन्ही प्रसंगी डॉक्टरांना दाखवावे. जखम पुन्हा उकलल्यास घरी काहीही चिकटवू नये. स्वच्छ कापडाने दाबून धरून त्याच दिवशी उपचार घ्यावेत, कारण अशी जखम पुन्हा बंद करायची की उघडीच भरू द्यायची, हे ती तपासल्यावरच ठरवता येते.