वसुलीला निघण्याआधी फाईल उघडा : सोलापुरातल्या बँका आणि पतसंस्थांसाठी

थकीत कर्जाच्या वसुलीत संस्था अडचणीत येते ती दोन कारणांनी. एक तर कागद कच्चा असतो, नाहीतर दारात गेलेल्या माणसाचे वागणे चुकते. दुसऱ्या चुकीचा बोभाटा लगेच होतो, गुन्हाही दाखल होतो. पहिली चूक मात्र वर्षभर फाईलमध्ये पडून राहते आणि लिलावाच्या आदल्या दिवशी स्थगिती आली की कळते. म्हणून सुरुवात फाईलपासून करावी.

आधी ठरवा : कोणता कायदा आपल्याला लागू?

नागरी सहकारी बँक, पतसंस्था आणि वित्त कंपनी एकाच पेठेत शेजारीशेजारी असतात, पण तिघांचे हत्यार वेगळे आहे. दुसऱ्याच्या नोटिशीचा नमुना उचलून आपल्या लेटरहेडवर छापणे ही नेहमी दिसणारी चूक.

सहकारी बँकेला सरफेसी कायदा, २००२ (कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊन विकण्याचा कायदा) वापरता येतो. मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये यावर शिक्कामोर्तब केले. पतसंस्थेला तो वापरता येत नाही. तिचा मार्ग महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खालचा वसुली दाखला आणि त्यानंतर कलम १५६ व नियम १०७ प्रमाणे जप्ती-विक्री. वित्त कंपनीला सरफेसी लागतो तो मालमत्ता १०० कोटी किंवा अधिक आणि कर्ज २० लाख किंवा अधिक असेल तेव्हाच.

सरफेसीची नोटीस काढण्याआधी चार गोष्टी पाहा. थकीत रक्कम एक लाखाच्या वर आहे का? मुद्दल आणि व्याजाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी तर उरली नाही ना? तारण शेतजमीन तर नाही? आणि तारणाची नोंद सेरसाई या केंद्रीय नोंदणीकडे झाली आहे का? २४ जानेवारी २०२० पासून ही नोंद नसेल तर कारवाईच करता येत नाही, आणि जुन्या गहाणखतांच्या बाबतीत हेच हमखास राहून गेलेले असते.

शेतजमिनीचा मुद्दा आपल्या जिल्ह्यात जास्त टोचतो. सांगोल्याकडची डाळिंबाची बाग तारण असेल तर सरफेसी विसरा, कलम १०१ कडे वळा. शहराच्या कडेला, कुंभारी किंवा होटगी रस्त्याच्या बाजूला, सातबारावर शेती आणि जागेवर शेड, अशी तारणे असतात. तिथे केवळ सातबारा नाही, प्रत्यक्ष वापरही पाहिला जातो. बिनशेतीचा आदेश, शेडचे वीजबिल, कर आकारणीचा उतारा आणि तारखेसह फोटो फाईलला लावूनच पुढे जा.

एनपीएची तारीख आणि रकमेचा हिशेब

नोटीस टिकते की पडते ते बहुतेक वेळा इथे ठरते. ३१ मार्चचा हप्ता त्या दिवशीच्या कामकाजाअखेर आला नाही आणि पुढेही भरला गेला नाही, तर खाते ३० एप्रिलला एसएमए-१, ३० मे रोजी एसएमए-२ (हे दोन्ही इशाऱ्याचे टप्पे) आणि २९ जूनला एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, होते. महिनाअखेर किंवा तिमाहीअखेर पाहून तारीख टाकायची जुनी सवय मोडावी. खाते परत नियमित करायचे तर सगळी थकबाकी भरलेली हवी. एक हप्ता घेऊन 'स्टँडर्ड' केलेले खाते तपासणीत उघडे पडते.

दंडव्याजाची पद्धतही बदलली आहे. बँका आणि वित्त कंपन्यांना १ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांवर दंडव्याज लावता येत नाही, फक्त दंड आकार लावता येतो. तो मुद्दलात मिळवायचा नाही आणि त्यावर व्याजही चढवायचे नाही. जुनी कर्जेही ३० जून २०२४ पर्यंत या पद्धतीवर आणायची होती. सॉफ्टवेअरमध्ये जुनी सेटिंग राहिली असेल तर नोटिशीतला आकडा चुकतो आणि कर्जदाराच्या वकिलाला पहिला मुद्दा आयता मिळतो. दहा खाती काढून एकदा हाताने व्याज काढून पाहा. अर्ध्या दिवसाचे काम आहे.

नोटिशीचे दिवस मोजताना

सरफेसीत कलम १३(२) ची नोटीस ६० दिवसांची. कर्जदाराने हरकत पाठवली तर १५ दिवसांत कारणांसह उत्तर गेलेच पाहिजे. 'आपले म्हणणे मान्य नाही' एवढी एक ओळ म्हणजे उत्तर नव्हे, प्रत्येक मुद्द्याला वेगळे कारण द्या. ताबा घेतल्यावर ताब्याची नोटीस सात दिवसांत दोन वृत्तपत्रांत आली पाहिजे, त्यातले एक स्थानिक भाषेतले. पहिल्या विक्रीला ३० दिवसांची नोटीस, ती फसली तर पुढच्या वेळी १५ दिवसांची. ताब्याला विरोध होणार असे दिसत असेल तर कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. चार पोरे नेऊन कुलूप तोडणे हा त्याला पर्याय होऊच शकत नाही. कर्जदाराला ४५ दिवसांत ऋण वसुली न्यायाधिकरणात जाता येते, आणि तिथे तुमच्या प्रत्येक तारखेची पोच मागितली जाते.

नोटीस जामीनदारालाही हवी, आणि सगळ्या ज्ञात पत्त्यांवर हवी. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले आहे. त्यामुळे पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा, ट्रॅकिंगचा कागद त्याच आठवड्यात छापून लावा. 'घर बंद' असा शेरा येऊन पाकीट परत आले तर ते न फोडता फाईलला ठेवा.

कलम १०१ मध्ये मूळ अर्जच नीट लागतो. खातेउतारा, कर्जरोखा, जामीनदारांची नावे, मृत कर्जदार असेल तर सगळे वारस. जामीनदार संस्थेचा सभासद नसेल, निदान नाममात्र सभासदत्वाचा अर्ज फाईलमध्ये नसेल, तर हरकत तिथूनच येते. दाखला मिळाल्यावर वसुली अधिकाऱ्याच्या नेमणुकीचा आदेश आणि त्याची मुदत पाहा. मुदत संपलेल्या आदेशावर केलेली जप्ती टिकवणे अवघड जाते. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षणात जायचे तर कर्जदाराला वसूल होणाऱ्या रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात, म्हणून दाखल्यातला आकडा अचूक असणे ही आपलीही जबाबदारी आहे.

जप्तीत काय उचलायचे नाही हे दारात ठरवू नका, आधीच लिहून न्या. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, मंगळसूत्रासारखा धार्मिक रिवाजाचा दागिना, कारागिराची अवजारे यांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये संरक्षण आहे. वसुली अधिकाऱ्यानेही हीच रेष पाळावी. विडी वळणाऱ्या बाईचे सूप आणि कात्री उचलून आणण्यात पैसा नाही, नाचक्की आहे.

धनादेश परतला असेल तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ चे दिवस वेगळे. बँकेचा परतीचा मेमो हाती आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून १५ दिवस भरण्यासाठी, आणि नंतर एका महिन्यात तक्रार. तक्रारीला एक दिवस उशीर झाला तरी विलंबाची कारणे सांगत बसावे लागते.

दारात गेल्यावर

रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या सूचनेनुसार वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. सूक्ष्मकर्जाला, म्हणजे वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबाला दिलेल्या विनातारण कर्जाला, वेळ आणखी आवळली आहे : सकाळी ९ ते संध्याकाळी ६. शिवाय सूक्ष्मकर्जाची वसुली ठरलेल्या जागीच करायची. कर्जदार तिथे सलग दोन किंवा अधिक वेळा आला नाही तरच घरी किंवा कामाच्या जागी जायचे. पूर्व भागातल्या बचत गटांच्या कर्जांत हीच अट सर्वांत जास्त मोडली जाते, कारण केंद्रावर थांबण्यापेक्षा गल्लीत फिरणे सोपे वाटते.

पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणात नाहीत, म्हणून या वेळा आपल्याला नाहीत, असे कुणी म्हणेल. पण धमकी (भारतीय न्याय संहिता, कलम ३५१) आणि घरात घुसणे (कलम ३२९) हे गुन्हे पतसंस्थेच्या माणसालाही लागतात, आणि कर्जदाराने जिवाचे बरेवाईट केले तर कलम १०८ ही लागू शकते. संचालक मंडळाने याच वेळा ठराव करून स्वीकाराव्यात.

यंत्रमाग कामगार रात्रपाळी करून सकाळी झोपलेला असतो. अकराला फोन करणे नियमात बसते, पण भांडण ओढवून घेते. पहिल्याच भेटीत सोयीची वेळ विचारून नोंदवा. बोलायची भाषाही विचारा : तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी. न समजलेल्या भाषेत सांगितलेली थकबाकी धमकीसारखी ऐकू येते. घरात मयत असेल तर त्या दिवशी मागे फिरायचे.

सोबत ओळखपत्र, अधिकारपत्र आणि नोटिशीची प्रत असावी. कारखान्याच्या मालकाशी, शेजाऱ्याशी, मुलांशी कर्जाचा विषय काढायचा नाही. व्हॉट्सॲप गटात नाव किंवा फोटो टाकणे तर नाहीच. रोख घेतली की छापील पावती जागेवर, भरणा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी. यूपीआय फक्त संस्थेच्या क्यूआरवर. वसुली कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या नंबरवर आलेला एक रुपयाही अफरातफरीची सुरुवात समजा.

भेटीची नोंद अशी हवी : 'दि. १४, सकाळी १०.४०, कर्जदार घरी, सोबत पत्नी. २० तारखेला ६,००० भरतो म्हणाले. मुलाच्या ऑपरेशनचे कारण. फोन दुपारी ४ नंतर करावा.' 'भेटलो, टाळाटाळ' ही नोंद कोर्टातही उपयोगाची नाही आणि पुढच्या कर्मचाऱ्यालाही.

एजन्सी नेमली तरी जबाबदारी आपलीच

करारात 'एजंटच्या वर्तनास बँक जबाबदार नाही' असे कलम घातले तरी नियामक आणि न्यायालय ते मानत नाहीत. एजंटने डीआरए (कर्जवसुली एजंटांचे) प्रशिक्षण घेतलेले असावे : पदवीधराला ५० तास, इतरांना १०० तास. पोलीस पडताळणी, एजन्सीचे नाव कर्जदाराला आधी कळवणे आणि कॉल रेकॉर्डिंग या तिन्ही गोष्टी पक्क्या ठेवा. कर्जदाराची तक्रार प्रलंबित असताना ती फाईल एजन्सीकडे देऊ नका.

आमच्या मते खरा दोष मोबदल्यात असतो. निव्वळ वसुलीच्या टक्केवारीवर माणूस सोडला की महिनाअखेरीला तो आवाज चढवणारच. काही रक्कम ठरावीक द्या, टक्केवारी कमी ठेवा आणि सिद्ध तक्रारीमागे कपात लिहा. दर महिन्याला प्रत्येक एजंटचे दहा कॉल ऐका. महिनाअखेरच्या चार दिवसांतले निवडून ऐका.

तक्रार आली की क्रमांक, तारीख आणि उत्तर एकाच वहीत. बँकेने ३० दिवसांत निकाली काढली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेत येणाऱ्या बँकांचा ग्राहक थेट तिकडे जातो.

तडजोड आणि फाईल बंद करणे

एकरकमी तडजोड तोंडी करू नये. मंडळाचा ठराव, किती सूट, कोणत्या तारखेपर्यंत, चुकल्यास काय, हे पत्रात. पूर्ण रक्कम आल्यावर मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत द्यायची. उशीर बँकेचा असेल तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई लागते. त्याच मुदतीत सेरसाईची नोंद उठवा, क्रेडिट माहिती कंपनीला खाते बंद झाल्याचे कळवा, आणि सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरचा बोजा कमी करण्याचे पत्र तलाठ्याला किंवा नगर भूमापन कार्यालयाला देऊन त्याची पोच कर्जदाराच्या हातात ठेवा.